पत्ता आधी की खाते आधी

परदेशी शिकायला किंवा नोकरीला जाणाऱ्याला तिथल्या बँकेत खाते लागणार हे इतके उघड असते की ते खाते कोणत्या निकषावर निवडावे हा प्रश्न बहुधा विचारलाच जात नाही. वसतिगृह, विमा आणि थंडीचे कपडे यांची चर्चा घरात महिनोन्महिने चालते, आणि खाते मात्र आधी गेलेल्या एखाद्या मित्राने जिथे उघडले असेल तिथेच उघडले जाते. जर्मनीच्या बाबतीत ही बेफिकिरी महाग पडते, कारण घरभाडे, आरोग्यविम्याचा हप्ता, मोबाईलचे बिल आणि पुढे पगार हे सारे तिथे एकाच खात्याच्या खुंटीला टांगलेले असते. २०२२-२३ पासून त्या देशातील परदेशी विद्यार्थ्यांत भारतीयांचा गट सर्वांत मोठा आहे, त्यामुळे महाराष्ट्रातील पुष्कळ कुटुंबांना हा प्रश्न आता परका राहिलेला नाही.

प्रस्तुत लेखात या प्रश्नाच्या दोन बाजू दोन कल्पित पात्रांच्या तोंडी घातल्या आहेत. मामा हे एका नागरी सहकारी बँकेत आयुष्य काढून शाखाधिकारी म्हणून निवृत्त झालेले गृहस्थ आहेत, आणि बँक म्हणजे काउंटर, सहीचा नमुना आणि ओळखीचा रोखपाल अशी त्यांची धारणा आहे. भाची आखेन या शहरात शिकून तिथेच नोकरीला लागली असून तिचे सगळे व्यवहार मोबाईलवर होतात. मामांच्या मुलाला त्याच शहरात अभियांत्रिकीच्या पदव्युत्तर अभ्यासक्रमाला प्रवेश मिळाला आहे, हे संवादाचे निमित्त.

मामांचा पहिला प्रश्न त्यांच्या पेशाला साजेसा होता. "विद्यापीठाच्या जवळ कोणत्या बँकेची शाखा आहे तेवढे सांग, म्हणजे तिथेच खाते उघडून पुढचा विचार करता येईल. परक्या मुलखात निदान एक माणूस तरी समोर बसलेला असावा."

"मामा, शाखेपर्यंत पोहोचायच्या आधीच एक खाते उघडावे लागते," भाची म्हणाली, "आणि ते उघडल्याशिवाय व्हिसाच मिळत नाही."

हे खाते म्हणजे श्पेअरकोंटो, शब्दशः अडवून ठेवलेले खाते. विद्यार्थ्याकडे वर्षभराच्या निर्वाहाची सोय आहे याचा पुरावा म्हणून जर्मन सरकार ठरावीक रक्कम आगाऊ भरून घेते. सप्टेंबर २०२४ पासून ती वर्षाला ११,९०४ युरो आहे, आणि विद्यार्थी पोहोचल्यावर त्यातले दरमहा ९९२ युरोच त्याच्या हाती लागतात. शिष्यवृत्ती असेल किंवा जर्मनीतील कोणी अधिकृत हमी देत असेल तर या खात्याची गरज पडत नाही, पण बहुसंख्य भारतीय विद्यार्थी याच वाटेने जातात.

मामांना आपलेच पैसे आपल्यालाच हप्त्याने मिळण्याची ही तऱ्हा गमतीची वाटली. मात्र त्यांनी लगेच जो प्रश्न केला तो आजवर फार थोड्या विद्यार्थ्यांनी विचारला असेल. "पैसे भरायचे ते कोणाकडे? बँकेकडे, की बँकेच्या नावाने पाटी लावून बसलेल्या मध्यस्थाकडे?"

भाचीला मान्य करावे लागले की अशी खाती विकणाऱ्या कंपन्यांपैकी काही स्वतः बँका नसतात, त्या संकेतस्थळ चालवतात आणि पैसे दुसऱ्याच एखाद्या भागीदार बँकेत ठेवतात. मामांनी यावर अनुभवाचे बोट ठेवले. करारात त्या बँकेचे नाव काय आहे, खाते विद्यार्थ्याच्या स्वतःच्या नावे आहे की कंपनीच्या नावे विश्वस्त म्हणून उघडलेले आहे, आणि कंपनी उद्या बंद पडली तर पैशावर हक्क कोणाचा, या तीन गोष्टी कागदावर वाचल्याशिवाय एक युरोही पाठवू नये असे त्यांनी सांगितले. विद्यार्थी बहुधा सेवाशुल्काची तुलना करण्यात गुंग असतात, आणि हे तीन प्रश्न त्या शुल्कापेक्षा कितीतरी मोठ्या रकमेचे आहेत.

"हे झाले अडवलेले खाते. पण दरमहाचे ९९२ युरो जमा व्हायला दुसरे खाते लागते, आणि निवड खरी तिथेच करायची असते," भाची म्हणाली. या दुसऱ्या खात्याला झीरोकोंटो म्हणतात. भारतीय कानाला तो शून्य शिलकीच्या खात्याचा प्रकार वाटतो, प्रत्यक्षात त्यातला 'झीरो' हा फिरणे, अभिसरण या अर्थाच्या इटालियन शब्दातून आला आहे. पैसे येण्याजाण्याचे चालू खाते एवढाच त्याचा अर्थ. आपल्याकडे चालू खाते व्यापाऱ्याचे आणि बचत खाते सामान्य माणसाचे अशी जी विभागणी आहे ती तिथे नाही. रोजचा व्यवहार ज्याचा त्याचा झीरोकोंटोवरच चालतो आणि त्यावर व्याज मिळेल अशी अपेक्षा सहसा ठेवली जात नाही.

या खात्याशी येऊन नवागताचे घोडे अडते. शाखा असलेल्या अनेक बँका राहत्या पत्त्याच्या नोंदणीचा दाखला मागतात. ही नोंदणी, म्हणजे आनमेल्डुंग, घरात राहायला गेल्यापासून दोन आठवड्यांच्या आत नगरपालिकेत करावी लागते आणि तिला घरमालकाची सही असलेले पत्र लागते. घरमालक भाड्याने घर देण्यापूर्वी अनामत रक्कम आणि भाडे जर्मन खात्यातून येईल याची खात्री मागतो. घराला खाते हवे, खात्याला पत्ता हवा आणि पत्त्याला घर हवे. वेड गेल्याशिवाय लग्न होत नाही आणि लग्न झाल्याशिवाय वेड जात नाही, या म्हणीचे इतके चपखल उदाहरण नगरपालिकेच्या कारभारातही क्वचित सापडावे.

भाचीचे म्हणणे असे की ही गाठ सोडवण्यासाठीच मोबाईलवरची बँक आहे: पासपोर्ट दाखवून काही मिनिटांत खाते उघडते, नोंदणीचा दाखला पुष्कळदा मागितलाच जात नाही, आणि खात्याचा क्रमांक त्याच दिवशी हाती येतो. मामांचा यावर विश्वास बसेना. "खातेदाराला न पाहता खाते उघडायचे? आपल्याकडे तर ओळख देणारा दुसरा खातेदार सही केल्याशिवाय अर्ज पुढे सरकत नसे."

"न पाहता नाही, मामा, व्हिडिओवर पाहून. पलीकडचा माणूस पासपोर्ट कॅमेऱ्यासमोर हळूहळू तिरका करायला सांगतो, त्यावरची चकाकणारी खूण उजेडात हलते की नाही ते बघतो, आणि मग पासपोर्टवरचा क्रमांक मोठ्याने वाचून घेतो. अडचण एवढीच की भारतीय पासपोर्ट सगळ्याच कंपन्या व्हिडिओवर स्वीकारत नाहीत. न स्वीकारल्यास पोस्टाच्या कचेरीत पासपोर्ट घेऊन जावे लागते आणि तिथला कर्मचारी ओळख पटवून कागद बँकेला पाठवतो."

"म्हणजे शेवटी समोर माणूस लागलाच की," मामा म्हणाले.

माणूस लागतो आणि पत्रपेटीही लागते, ही गोष्ट मोबाईलच्या बाजूने बोलणारे विसरतात. जर्मनीतील अनेक बँका कार्ड एका लिफाफ्यात आणि त्याचा गुप्त क्रमांक दुसऱ्या लिफाफ्यात टपालाने पाठवतात, तेही काही दिवसांच्या अंतराने. तिथल्या इमारतींत सदनिकांना बहुधा क्रमांक नसतात; खालच्या पत्रपेट्यांवर आडनावांच्या पट्ट्या असतात आणि टपालवाला त्या पट्ट्या वाचूनच टपाल टाकतो. मित्राच्या खोलीवर तात्पुरते उतरलेल्या विद्यार्थ्याचे आडनाव त्या पेटीवर नसले तर पत्ता तंतोतंत बरोबर असूनही लिफाफा 'असा कोणी इथे राहत नाही' म्हणून परत जातो. खाते दहा मिनिटांत उघडलेले असते, आणि कार्डाची वाट पाहण्यात पंधरा दिवस जातात. दोन बोटे रुंदीची कागदी पट्टी आणि चिकटपट्टी हे त्या पहिल्या आठवड्यातले सर्वांत उपयोगी बँकिंग साहित्य ठरते.

नावाचीही एक खास मराठी अडचण आहे. भारतीय पासपोर्टावर स्वतःचे नाव आणि वडिलांचे नाव एकाच रकान्यात येतात, त्यामुळे जर्मन बँकेच्या दप्तरी ती दोन्ही मिळून खातेदाराचे पहिले नाव ठरते. ऑक्टोबर २०२५ पासून युरो वापरणाऱ्या देशांतील बँकांना पैसे पाठवण्यापूर्वी खाते क्रमांक आणि नाव यांचा मेळ बसतो की नाही हे पाठवणाऱ्याला दाखवावे लागते. म्हणून घराचा करार, नोकरीचा करार आणि खाते या तिन्ही ठिकाणी नाव पासपोर्टाप्रमाणे एकसारखे असावे. एका जागी वडिलांचे नाव गाळले आणि दुसऱ्या जागी ठेवले की पगार पाठवणाऱ्याच्या पडद्यावर इशारा उमटतो आणि विनाकारण पत्रव्यवहार वाढतो.

खरा वाद पेटला तो सुरक्षिततेवरून. "मोबाईलवरची बँक उद्या गाशा गुंडाळून गेली तर दाद कोणाकडे मागायची?" मामांनी विचारले, आणि शाखा असली की निदान दारात जाऊन उभे तरी राहता येते, असे वर सुनावले.

भाचीने यावर जे उत्तर दिले ते तिच्या मामांना लागेल हे तिला ठाऊक असावे. "मामा, सप्टेंबर २०१९ मध्ये पंजाब अँड महाराष्ट्र सहकारी बँकेच्या दारात लोक उभेच होते. शाखा होत्या, काउंटर होते, ओळखीचे कर्मचारी होते, आणि रिझर्व्ह बँकेच्या निर्बंधांमुळे सुरुवातीला एका खात्यातून हजार रुपयांपलीकडे काही निघत नव्हते. दाराने ठेव वाचत नाही, ठेव वाचते ती विम्याने."

मामा काही वेळ गप्प राहिले. ठेव विमा म्हणजे बँक बुडाली तरी ठरावीक मर्यादेपर्यंतची ठेव परत देण्याची कायद्याने बांधलेली हमी. भारतात ही मर्यादा दर ठेवीदारामागे, दर बँकेमागे पाच लाख रुपये आहे. फेब्रुवारी २०२० पर्यंत ती एक लाखच होती. युरोपीय संघात ती एक लाख युरो आहे आणि पैसे सात कामकाजी दिवसांत परत देण्याचे बंधन आहे. शंभर रुपयांच्या आसपासचा युरो धरला तर विद्यार्थ्याची वर्षाची रक्कम बारा लाखांच्या घरात जाते. म्हणजे जी रक्कम सांगली-साताऱ्याच्या एखाद्या बँकेत एकाच नावावर ठेवली असती तर निम्म्याहून अधिक विम्याबाहेर राहिली असती, तीच जर्मनीत पूर्णपणे विम्याच्या छत्राखाली येते, मग ती बँक संगमरवरी पायऱ्यांची असो की केवळ फोनच्या पडद्यावरची.

मात्र भाचीच्या युक्तिवादात एक फट होती आणि मामांनी ती हेरली. "पडद्यावर दिसते ती प्रत्येक गोष्ट बँक असते का?" नसते. काही लोकप्रिय ॲपांकडे बँकेचा परवाना नसून इलेक्ट्रॉनिक पैशाच्या व्यवहाराचा परवाना असतो. अशा कंपनीला ग्राहकांचे पैसे स्वतःच्या पैशांपासून वेगळे ठेवावे लागतात, पण त्यांवर एक लाख युरोची विमाहमी लागू होत नाही. भारतातून पैसे स्वस्तात मागवण्यासाठी असे ॲप उत्तम. वर्षभराची पुंजी साठवायला ते योग्य नव्हे. परवाना कोणता आणि कोणत्या देशाचा हे कंपनीच्या संकेतस्थळाच्या तळाशी बारीक अक्षरांत लिहिलेले असते, आणि जर्मनीची वित्तीय नियामक संस्था बाफिन हिच्या नोंदवहीत ते ताडून पाहता येते.

सहकारी बँकेचा विषय निघालाच होता, तेव्हा भाचीने मामांची समजूत काढण्याच्या निमित्ताने एक जुना धागा पुढे केला. आखेनच्या रस्त्यांवर फोल्क्सबांक ही पाटी दिसते तिचा अर्थच लोकांची बँक. हेरमान शुल्त्झ-डेलित्श यांनी एकोणिसाव्या शतकाच्या मध्यावर कारागिरांसाठी आणि फ्रीडरिश विल्हेल्म राइफायझन यांनी शेतकऱ्यांसाठी ज्या पतसंस्था उभ्या केल्या, त्यांच्याच या वारसदार. भारतात १९०४ साली सहकारी पतसंस्थांचा कायदा झाला तो याच जर्मन प्रयोगांचा अभ्यास करून, आणि मद्रास सरकारला अहवाल देणाऱ्या फ्रेडरिक निकल्सन यांच्या शिफारशीचे सार राइफायझनला शोधून काढा अशा अर्थाचे होते, असे सहकाराच्या इतिहासात सांगितले जाते. ज्या व्यवसायात मामांनी आयुष्य घालवले त्याचे मूळपीठ त्यांच्या मुलाच्या वसतिगृहापासून हाकेच्या अंतरावर असावे, हे ऐकून मामांचा रुसवा बराच निवळला.

"मग त्याने तिथेच खाते उघडावे," ते ठामपणे म्हणाले, आणि इथे भाचीला पूर्ण नकार देता आला नाही. सहकारी बँका आणि श्पारकासे, म्हणजे नगरपालिका व जिल्ह्यांच्या पाठबळावर चालणाऱ्या बचत बँका, यांचे दोन समूह अडचणीतल्या सदस्य बँकेला ती बुडण्यापूर्वीच सावरण्याची व्यवस्था राखून असतात. शिवाय त्यांचे जीरोकार्ड हे देशी कार्ड छोट्या दुकानांत आणि सरकारी खिडक्यांवर चालते, तर मोबाईलवरच्या बँकांचे आंतरराष्ट्रीय कार्ड तिथे अनेकदा नाकारले जाते. जर्मनी रोकडीला अजून सोडायला तयार नाही: मध्यवर्ती बँकेच्या पाहणीनुसार २०२३ मध्ये निम्म्याहून किंचित अधिक खरेद्या, म्हणजे ५१ टक्के, नोटानाण्यांनीच झाल्या. यूपीआयची सवय जडलेल्या मुलाला बेकरीतल्या पावासाठी खिसे चाचपावे लागतात.

मामांनी आणखी एक शंका काढली, आणि प्रस्तुत लेखकाच्या मते साऱ्या संवादातला हाच त्यांचा सर्वांत बळकट मुद्दा आहे. "फोन हरवला तर?" मोबाईलवरच्या बँकेत फोन हाच किल्ली, कुलूप आणि तिजोरी असतो. तो रेल्वेत राहिला की खाते बंद, खाते पुन्हा सुरू करायला नवे सिमकार्ड हवे, सिमकार्ड घ्यायला पैसे हवेत, आणि मदतीचा मार्ग म्हणून संवादाची खिडकी दिलेली असते ती त्याच हरवलेल्या फोनमध्ये. आधीच्या चक्रातून नुकताच बाहेर पडलेला विद्यार्थी दुसऱ्या चक्रात सापडतो. शाखेत पासपोर्ट घेऊन गेल्यास निदान पन्नास युरो तरी हातावर पडतात. यावर भाचीकडे उत्तर नव्हते, तोडगा होता: दोन खाती, दोन वेगळ्या बँकांत, एकाचे कार्ड पाकिटात आणि दुसऱ्याचे खोलीवर.

शुल्काचा विषय मात्र दोघांनी झटपट उरकला. शाखेच्या बँका दरमहा काही युरो घेतात, विद्यार्थ्यांना ठरावीक वयापर्यंत पुष्कळ ठिकाणी सूट असते, आणि खात्यांच्या शुल्कांची तुलना बाफिन स्वतः विनामूल्य उपलब्ध करून देते. मामांना आवडली ती एप्रिल २०२१ मधील एका निकालाची गोष्ट. बँकेने नियम किंवा शुल्क बदलल्याचे कळवावे आणि ग्राहकाने दोन महिन्यांत काही कळवले नाही तर त्याची संमती गृहीत धरावी, असे कलम बँका सर्रास करारात घालत असत. जर्मनीच्या संघीय न्यायालयाने ते इतक्या व्यापक स्वरूपात अवैध ठरवले. "मौनं संमतिलक्षणम् हे तिथे चालत नाही तर," मामा म्हणाले, आणि त्यांच्या स्वरात किंचित व्यावसायिक हळहळ होती.

खातेक्रमांकाबद्दलही भाचीने सावध केले. युरोपातील खातेक्रमांकाच्या आरंभी देशाची दोन अक्षरे असतात. काही ॲप दुसऱ्या देशाचा, उदाहरणार्थ लिथुआनियाचा, क्रमांक देतात. असा क्रमांक नाकारणे युरोपीय कायद्याने निषिद्ध आहे, तरी एखादा घरमालक किंवा व्यायामशाळा तो घेत नाही असे घडते, आणि भाषा धड न येणाऱ्या मुलाने पहिल्याच महिन्यात कायद्याचा हवाला देत भांडावे ही अपेक्षा अवास्तव आहे. पहिले खाते जर्मन क्रमांकाचे घ्यावे, हे बरे. त्याच खात्यातून विमा आणि मोबाईलची बिले परस्पर कापली जातात. चुकीची रक्कम गेली तर आठ आठवड्यांत कारण न देता ती परत मागता येते, ही सोय नवागतांना माहीत नसते म्हणून ते विनाकारण नुकसान सोसतात.

"आणि सगळ्यांनीच खाते नाकारले तर?" हा मामांचा प्रश्न भीतीपोटी आलेला होता. २०१६ पासून जर्मन कायद्याने युरोपीय संघात वैधपणे राहणाऱ्या प्रत्येकाला, बेघर माणसालादेखील, मूलभूत खात्याचा हक्क दिला आहे. ठरावीक नमुन्यातला अर्ज केल्यावर बँकेने दहा कामकाजी दिवसांत खाते देऊ करावे लागते किंवा नकाराचे कारण लेखी कळवावे लागते, आणि नकार अन्यायाचा वाटल्यास बाफिनकडे जाता येते. मात्र वापरता येण्याजोगे दुसरे खाते आधीच असेल तर हा हक्क सांगता येत नाही.

शेवटी मामांनी आपल्या हद्दीतला विषय काढला, ज्याबद्दल भाची आठ वर्षे परदेशात राहूनही गाफील होती. परकीय चलन व्यवस्थापन कायदा, म्हणजे १९९९ चा फेमा, शिक्षणासाठी परदेशी गेलेल्या विद्यार्थ्याला अनिवासी मानतो, आणि अनिवासी व्यक्तीला भारतातील साधे बचत खाते तसेच चालू ठेवता येत नाही; ते अनिवासी सामान्य खात्यात, म्हणजे एनआरओमध्ये, बदलून घ्यावे लागते. या खात्यात निवासी नातेवाईक 'पहिला खातेदार किंवा मागे राहील तो' या पद्धतीने संयुक्त खातेदार राहू शकतो, पण मुलाच्या हयातीत त्यातली रक्कम घरच्यांना हाताळायची तर त्याचे मुखत्यारपत्र लागते. "तुझे ते जुने बचत खाते कोणत्या नावाखाली चालू आहे?" मामांनी विचारले, आणि भाचीने विषय बदलला.

बदलाच्या या अर्जासोबत भारतीय बँका पासपोर्ट आणि व्हिसाच्या प्रतींखेरीज परदेशातील पत्त्याचा पुरावाही मागतात, आणि निघताना तो पुरावा कोणाकडेच नसतो. म्हणून जाणाऱ्याने अर्ज भरून, सही करून घरी ठेवावा, भारतातला मोबाईल क्रमांक चालू ठेवावा, आणि आखेनच्या नगरपालिकेचा नोंदणीचा कागद हाती पडेल त्याच दिवशी त्याची प्रत घरी पाठवावी.